उन्हाळा, लहान मुलं आणि जुने अवशेष : आपापले अनुभव लिहा

उंबरठा
सकाळी भाचीला 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' समजावत होते. बारीक भोकातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर उलटी प्रतिमा पडते, तो धडा. आणि एकदम हंपी आठवलं. विरूपाक्ष मंदिरात मागच्या अंगाला एका अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी सावली पडते ना, तीच. लेक तेव्हा बालवाडीत होती. एप्रिल अखेर, बाहेर नुसता जाळ, आणि देवळात तर अनवाणी. अंगणातल्या फरसबंदीवर पाय ठेवता येत नव्हता म्हणून तिला कडेवर घेऊन सावली-सावलीने आत पोचले. तिने ती उलटी सावली पाहिली, कडेवरून उतरली, ओणवी झाली आणि दोन पायांमधून डोकं काढून बघायला लागली. "आई, आता सरळ झालं!" मग तिथून हलायलाच तयार नाही. गार अंधारी खोली, बसू दिलं तिला.

दगडी रथ, हत्तींचा गोठा, १५६५ ची लढाई, मी सगळं वाचून गेले होते. त्यातलं तिला काही आठवत नाही. ती भिंत मात्र लख्ख आठवते. मला वाटतं, इतक्या लहान मुलांसोबत एक गोष्ट नीट बघितली तरी त्या दिवसाचं सोनं होतं.

तुमच्या पोरांनी काय काय केलं, लिहा ना.

जुळ्यांची_आई
पाँपेई, म्हणजे इटलीतलं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर, ऐन जुलै. बाबागाडी तिथल्या मुख्य रस्त्यांवर नेऊच नका, एवढे ओबडधोबड दगड आहेत. त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. पोरांना त्या चाकोऱ्यांतून चालायचं होतं, एक डावीकडच्या, एक उजवीकडच्या. आणि रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड मांडलेत, त्यावरून टुणटुण उड्या. नाक्यानाक्यावर दगडी हौद आहेत, वर कोरलेले चेहरे, आणि त्यातल्या काहींना आजही प्यायचं पाणी येतं. आमचा सगळा दिवस त्या चेहऱ्यांवर निघाला. पुढचा चेहरा कोणाचा असेल? बैलाचा? बाईचा? एरवी पाण्याचा घोट घ्या म्हणून मागे लागावं लागतं, तिथे प्रत्येक हौदावर स्वतःहून प्यायली. ज्वालामुखीचं मी नावही काढलं नाही, रात्री झोपली नसती.
बाकी नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

सावलीचा_माग
मस्त धागा! जागा धरून ठेवतोय, चिरंजीव झोपले की लिहितो.

पांढरा_एप्रन
बालरोग विभागात परिचारिका आहे, म्हणून राहवत नाही. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि त्यांना घामही कमी येतो. त्यामुळे "तहान लागली" म्हणायची वाट बघू नका, थोड्या थोड्या वेळाने दोन घोट द्या. खेळतं मूल अचानक मलूल झालं, किरकिर करायला लागलं, ओठ सुकले, बराच वेळ शू झाली नाही, की अवशेष राहू दे, सावली गाठा. ओआरएसची पाकिटं पिशवीत असू द्या, मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. अंग भाजल्यासारखं गरम आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा गुंगीत आहे, तर तिथल्या तिथे कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना. अशा मुलाला पाणी पाजायला जाऊ नका, घशात अडकतं.
आणि बाबागाडीवर ओढणी टाकून झाकू नका हो. सावली वाटते, पण आत हवा कोंडून उकाडा वाढतो.

उंबरठा
@पांढरा_एप्रन, ओढणीचं खरंच माहीत नव्हतं. ताई, आभार.

नातवाचे_आजोबा
वेरूळ. सोळा नंबरचं कैलास. नातू सहा वर्षांचा. मी सांगितले, हे देऊळ बांधलेले नाही, डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. आठवे शतक, राष्ट्रकूट. त्याने मान वर करून कळसापर्यंत बघितले आणि विचारले, "आजोबा, वरती चुकलं असतं तर?" इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. आम्ही हत्तीच्या सावलीत बसून त्यावरच बोलत राहिलो. छिन्नी कशी धरत असतील, पहिला घाव कोणी घातला असेल. सकाळी दार उघडताच आत गेलो होतो. ऊन कडक झाल्यावर कोरीव लेण्यांच्या आत शिरलो, आत चांगलाच गारवा असतो. वेरूळ मंगळवारी बंद असते, लक्षात असू द्या.

जुळ्यांची_आई
"वरती चुकलं असतं तर" 😍 आजोबा, नातवाला माझा शाब्बास सांगा.

निळी_टोपी
आणि अजिंठा सोमवारी बंद. दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी वार बघून निघा.

पायरी_पायरी
अथेन्स. अक्रोपोलिसवर, म्हणजे तिथल्या जुन्या देवळांच्या टेकडीवर, सावली म्हणून नाही आणि संगमरवर पार गुळगुळीत झालाय, चपला घसरतात. जून २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत तर दुपारी १२ ते ५ बंदच ठेवलं होतं. आम्ही उघडल्या उघडल्या वर गेलो आणि दुपार खालच्या संग्रहालयात काढली. तिथे काचेची जमीन आहे, खाली उत्खननात सापडलेली जुनी घरं दिसतात. धाकटी काचेवर पालथी पडून खालच्या घरात कोण राहतं ते बघत होती. आधी "आई, मी पडेन!", मग उठायलाच तयार नाही. वरच्या खांबांपेक्षा तिला हीच घरं जवळची वाटली, आणि मलाही.

सावलीचा_माग
झोपले एकदाचे. कंबोडियातल्या अंगकोरच्या जुन्या देवळांबद्दल एवढंच सांगतो, अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. जिना फार उभा आहे. मोठ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पायथ्याशी रडारड. आम्ही आळीपाळीने गेलो. तिथल्याच ता प्रोम देवळात मात्र झाडांच्या मुळांनी भिंती कवेत घेतल्यात, सावलीही बऱ्यापैकी आहे. पोरगं त्या मुळांशी बोलत होतं.

निळी_टोपी
तान्ही मुलं डोक्यावर टोपी ठेवतच नाहीत, त्याला काय करता? आमची हातात घेऊन चावते.

जुळ्यांची_आई
हनुवटीखाली बंद असलेली घे. आणि घरात आठवडाभर आधी घालायची सवय लाव, आरशासमोर.

निळी_टोपी
आरशाची युक्ती आजच करते. अजून एक, मे महिन्यात धोलावीराला, कच्छमधल्या हडप्पाकालीन शहराच्या अवशेषांना, जायचा विचार आहे. २०२१ मध्ये जागतिक वारसा झालं तेव्हापासून मनात आहे, ते प्रचंड दगडी जलाशय बघायचेत. लेक नऊ महिन्यांची.

पांढरा_एप्रन
मे मध्ये नको. कच्छचं ऊन, उघडं माळरान, आडोसा नाही. नऊ महिन्यांचं मूल "मला गरम होतंय" सांगू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत जा, जलाशय तिथेच आहेत. तेव्हाही अंगावरचं दूध वरचेवर देत राहा.

निळी_टोपी
यांनाही तेच वाटत होतं. डिसेंबर पक्का मग. कोणी थंडीत गेलंय का? जवळ राहायची सोय कशी आहे?

नातवाचे_आजोबा
आम्ही जानेवारीत गेलो होतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, रस्ता आणि मुक्काम दोन्ही सांगतो.