ट्रेलर म्हणजे सॅम्पल फ्लॅट

(ग्रुपचं नाव: सोसायटी – फक्त कामाचे मेसेज)

ए-२०२ ताई: मुलांना सुट्टी लागतेय. क्लब हाउसमध्ये गेमिंग कन्सोल घेऊया का? गणपतीच्या वर्गणीतले पैसे उरलेत, कमी पडले तर घरटी थोडे काढू. माझा लेक म्हणतो निन्टेन्डोचा नवा कन्सोल, स्विच २ घ्या.

सी-५०३ सोनू: ताई, मी स्वतः गेमवेडा आहे, म्हणूनच सांगतो. घाई नको.

ए-२०२ ताई: तूच नाही म्हणतोस?

सी-५०३ सोनू: जून २०२५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत मशीन ४५० डॉलरला होतं, आणि मारिओ कार्टचा नवा गेम एकटाच ८० ला. वर काही गेम्सच्या डब्यात जे कार्ड येतं, त्यात गेमच नसतो. नुसती किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत हवंच.

बी-१०१ काका: म्हणजे शेअर सर्टिफिकेट हातात, कन्व्हेयन्स नाही. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर.

सी-५०३ सोनू: 😂 काका, अगदी तेच.

बी-१०१ काका: मग आधी पैसे भरून बुकिंग करतं कोण?

सी-५०३ सोनू: मी केलेलं. सायबरपंक २०७७ या गेमचं. ट्रेलर बघून वेडा झालो होतो. १० डिसेंबर २०२० ला आला, सोनीच्या जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत होता की आठवड्यात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, लोकांना पैसे परत दिले. परत विक्रीला आला तो २०२१ च्या जूनमध्ये.

बी-१०१ काका: ट्रेलर म्हणजे सॅम्पल फ्लॅट रे. त्यात बाल्कनी असते, झुंबर असतं. पझेशनला गळका नळ.

सेक्रेटरी: नळाचा विषय इथे नको. प्लंबर सोमवारी येतोय.

बी-१०१ काका: आमचा गळतोय २०१९ पासून.

ए-४०४ काकू: हा सोनू सगळ्यालाच नावं ठेवतो. 'महावतार नरसिंह' या ॲनिमेशन सिनेमाचा ट्रेलर आला तेव्हा लिफ्टमध्ये मला काय म्हणाला? "काकू, मोबाईल गेमचे ग्राफिक्स आहेत, पैसे वाया घालवू नका." मग दोनदा बघून आला!

सी-५०३ सोनू: मान्य. तिथे तोंडावर आपटलो. प्रह्लाद मला अजूनही प्लॅस्टिकचा वाटतो, पण खांब फुटतो तेव्हा अख्खं थिएटर उभं होतं.

सी-३०१ दादा: कधी कधी बोंबलण्याचा उपयोगही होतो. २०१९ चा सॉनिकचा ट्रेलर आठवतो? त्या निळ्या प्राण्याला माणसाचे दात. लोकांनी इतकी टर उडवली की पूर्ण नवा चेहरा करून सिनेमा नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीत ढकलला.

बी-१०१ काका: आणि आपल्या लिफ्टचं दार?

सेक्रेटरी: काका 🙏

ए-२०२ ताई: मुद्द्यावर या. मग गॅजेटच घ्यायचं नाही का कधी?

सी-३०१ दादा: पहिल्या फळीत नको. ती छातीला लावायची, बोलून कामं सांगायची एआय पिन आठवते? ह्युमेन नावाच्या कंपनीची. ६९९ डॉलर, शिवाय दरमहा वर्गणी. २०२४ च्या एप्रिलमध्ये आली, पुढच्या फेब्रुवारीत सर्व्हर बंद. पिन मेली.

ए-४०४ काकू: माझ्या सासूबाईंची पदराची पिन ४० वर्षं चालतेय.

बी-१०१ काका: 👏👏

सी-५०३ सोनू: खरं सांगू, मला सर्वांत जास्त राग स्वतःचा येतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी बंद झाला आणि दोनच दिवसांनी फौ-जी या देशी गेमची घोषणा झाली. आम्ही सगळे देशी पबजी येणार म्हणून डोळे लावून बसलो. २६ जानेवारी २०२१ ला उघडून बघतो तर गलवानची मारामारी, हातात काठ्या-दांडकी, मित्रांसोबत खेळायची सोय नाही आणि बंदूकही नाही. आणि त्याच २०२० मध्ये आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम येऊन गेला होता. धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी. छोटा गेम, मारामारी थोडी एकसुरी, पण राजवाडे बघत बसावेत असे. मी तो दोन वर्षांनी खेळलो, कारण त्याचा गाजावाजा नव्हता. ट्रेलरवर अविश्वास दाखवणारे आम्ही, पण ट्रेलर नसेल तिकडे ढुंकूनही बघत नाही.

ए-२०२ ताई: हा 'राजी' मुलांना चालेल?

सी-५०३ सोनू: जरा मोठ्यांना. माझ्या लॅपटॉपवर आहे. रविवारी क्लब हाउसच्या टीव्हीला जोडतो, फुकट. मुलांना आवडलं तर मग कन्सोलचं बघू, तेही जुनं मॉडेल.

सेक्रेटरी: चालेल. वर्गणीला हात नाही. ११ ते १, नंतर योगा क्लास.

सी-३०१ दादा: आणि तो जीटीए सहा गेम?

सी-५०३ सोनू: पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३. तेव्हा २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. आधीचा जीटीए आला तेव्हा मी शाळेत होतो.

बी-१०१ काका: हा बिल्डर ओळखीचा वाटतो. आला तर कळव, पझेशन बघायला येतो.

सी-५०३ सोनू: काका, तो फक्त मोठ्यांसाठी आहे.

बी-१०१ काका: मी ७१ वर्षांचा आहे.