मदत हवी आहे: जुन्या जिनच्या जागेवर अपार्टमेंट

नमस्कार मंडळी. धुळ्यात एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याच्या) जागेवर चार मजली अपार्टमेंटचं डिझाइन करतेय. माझे आजोबा याच जिनात हमाल होते, त्यामुळे रस्त्याकडची विटांची जुनी भिंत पाडायला मन धजत नाही. तिच्यावर भार न टाकता आत वेगळा आरसीसी सांगाडा उभारणार आहे.

अडचण जमिनीची. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंडर-रीम्ड पाइल (खालच्या टोकाशी फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेतले तर जुन्या पायापासून किती लांब ठेवावेत? खोदताना भिंत हलू नये म्हणून तुम्ही काय केलंत?

आणि चुन्याने दरजा भरणारे गवंडी धुळे-अमळनेरकडे कोणाच्या माहितीत आहेत का? सिमेंटने भरलं की ओल अडकून विटा झडतात, हे एकदा भोगलंय.

दुपारचं ऊन खोल्यांपर्यंत येऊ नये म्हणून पश्चिमेला जिना-बाथरूम टाकलेत. ४४-४५ अंशांत तेवढं पुरेल का?