ॲलन टेस्ट केली नाही म्हणजे आर्ट लाईन टाकणारा गुन्हेगार?

भूलवाला: काल इथे एकाने लिहिलं, ॲलन टेस्ट (मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, करंगळीकडची सोडल्यावर हाताला रक्त येतं का बघणं) न करता रेडियलला, म्हणजे मनगटाच्या अंगठ्याकडच्या धमनीत, आर्ट लाईन (सतत बीपी बघायला धमनीत ठेवायची नळी) टाकणारे रेसिडेंट पेशंटच्या हाताशी खेळतात. डोकंच फिरलं वाचून. ती टेस्ट १९२९ची, लाईनसाठी काढलेलीच नव्हती. नॉर्मल आली तरी बोटं काळी पडतात आणि ॲबनॉर्मल आलेल्यांचे हात शाबूत राहतात. त्यापेक्षा सोनो लावून आर्टरी बघा, २० नंबरची नळी टाका, दोनदा हुकलं की सीनियरला बोलवा. आणि ब्रेकियलला (कोपराजवळच्या धमनीला) हात घालण्याआधी दहादा विचार करा.

जुना_फिजिशियन: कालचं मीच लिहिलं होतं. सोनो कुठून आणू? आमच्याकडे एकच मशीन, तेही पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) भीतीने रेडिऑलॉजीत कुलपात. बोटं काळी पडलेली बाई मी पाहिलीये, तिच्या मुलाला उत्तर मी दिलंय, तुम्ही नाही. टेस्टला अर्धं मिनिट लागतं, तेवढंही जड होतं?

सिस्टर_नाईट_ड्युटी: टोचण्यावरून भांडताय, पण नंतर लाईन सांभाळतो आम्ही. जुन्या नोकरीत कुणीतरी फ्लशला (लाईन तुंबू नये म्हणून सोडतात त्याला) सलाईनऐवजी डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी लावलं, प्रेशर बॅगेत (बाटलीभोवती फुगवायच्या पिशवीत) लेबल झाकलं गेलं, ते मिसळून लाईनमधल्या रक्तात शुगर ४००च्या वर म्हणून इन्सुलिन वाढवत नेलं आणि बोटाला टोचून बघितलं तर ३२! इंग्लंडात यावर २००८ मध्ये देशभर सूचना काढावी लागली होती.

जुना_फिजिशियन: विषय ॲलन टेस्टचा चाललाय सिस्टर, बॅग कुठून आली मध्येच?

सिस्टर_नाईट_ड्युटी: विषय पेशंटच्या हाताचा आहे ना सर? मग ऐका. थ्री-वेवर (लाईनच्या तीनतोंडी तोटीवर) लाल लेबल नाही, रात्री एकीकडे चार पेशंट, नवीन मुलगी आयव्ही (शिरेतली लाईन) समजून त्यातूनच इंजेक्शन सोडते, मग तुमची टेस्ट नॉर्मल असून तो हात वाचणारे का? मनगट चादरीखाली झाकू नका सांगून सांगून घसा बसला, कनेक्शन सुटलं तर कुणाला कळायच्या आत गादी रक्ताने भिजते. अलार्म तर सायलेंटवरच असतात. राऊंडला हे कुणी विचारतं का?

भूलवाला: सिस्टर शंभर टक्के बरोबर. बॅग ३०० mmHgवर फुगवलेली आहे का, ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) हृदयाच्या लेव्हलला आहे का, हेही कुणी बघत नाही आणि चुकीच्या बीपीवर नॉरॲड (बीपी वाढवायचं औषध) वाढवत बसतात.

जुना_फिजिशियन: बॅगेचं आणि लेबलचं मान्य, बास? ॲलन टेस्ट मात्र मी करणार आणि केसपेपरवर लिहिणारही. उद्या केस झाली तर रिसर्च पेपर येणार नाहीत माझ्या बाजूने उभे राहायला.

सिस्टर_नाईट_ड्युटी: करा की सर, मी कुठे नको म्हणतेय. पण बॅग लावताना दोघींनी लेबल वाचून सही करायची, हे आमच्या इनचार्जना तुम्हीच सांगा. आमचं कुणी ऐकत नाही.