गल्लीच्या तोंडावरचा कचरा कायमचा बंद करायचाय, नगरसेविकेकडून नेमकं काय मागावं?

लालबागची_गल्ली
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत तीन चाळी आहेत, मिळून १२० खोल्या, आणि खाली १४ दुकानं. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पालिकेची कचराकुंडी होती. ती उचलून दोन वर्षं झाली, पण कचरा अजून तिथेच पडतो. भाजीचा पाला, मासळीचे थर्माकोलचे खोके, जुन्या गाद्या, फुटक्या लाद्या, सगळंच. नगरसेविका ताई म्हणतात, "रविवारी सफाई मोहीम घेऊ, गाडी आणि माणसं मी बघते." मंडळाची पोरं तयार आहेत, बचत गटाच्या बायकाही तयार आहेत.

मोहिमेनंतर आठ दिवसांत पुन्हा तेच व्हायला नको. त्यासाठी आधी काय करावं आणि ताईंकडे नेमकं काय मागावं? शिवाय चाळीमागे १५ बाय ८ फुटांची जागा आहे, वर पत्रा आहे. ओला कचरा तिथे जिरवता येईल का?

परळ_हजेरी_चौकी
मोहिमेची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. आज तिथे जो माणूस पिशवी टाकतो, त्याने सोमवारी सकाळी ती कुठे द्यायची याचं उत्तर आधी तयार हवं. ते नसेल तर झाडून, पाणी मारून, रांगोळी काढूनही मंगळवारी पहिली पिशवी पडते, आणि एक पडली की दुपारपर्यंत दहा होतात.

म्हणून पहिले तीन दिवस फक्त बघा आणि लिहा. त्यात एक दिवस रविवार असू द्या. सकाळी ६ ते ९ आणि रात्री ९ ते ११.३०, दोघांनी एक वही घेऊन बसायचं. किती वाजता, काय पडलं, अंदाजे किती. मुंबईतल्या चाळीत साधारण तीन प्रकारचे लोक निघतात. पहिले, सव्वासातची लोकल धरणारे. कचऱ्याची गाडी येते साडेआठला, तेव्हा घराला कुलूप असतं, म्हणून पिशवी जाता जाता टाकली जाते. दुसरे, रात्री शटर ओढताना दिवसभराचा कचरा बाहेर लोटणारे दुकानदार आणि फेरीवाले. तिसरे, घरात लादी किंवा मोरीचं काम काढलेले. त्यांचा ठेकेदार रात्री गोणी सोडून जातो. तिघांवरचा इलाज वेगळा आहे. एकच "येथे कचरा टाकू नये" अशी पाटी लावून तिघांपैकी कोणीही थांबत नाही.

लोकलवाल्यांसाठी गाडीची वेळ बदलून घ्या, किंवा गल्लीच्या तोंडाशी सकाळी ६.४५ ते ७.१५ असा तिचा एक थांबा मागा. तेही जमलं नाही तर प्रत्येक चाळीच्या जिन्याखाली १२० लिटरचे दोन झाकणवाले डबे ठेवा, हिरवा ओल्यासाठी आणि निळा सुक्यासाठी. ते गाडीपर्यंत नेणारा माणूस ठरलेला हवा. तो ठरला नाही तर चौथ्या दिवशी झाकण बसत नाही आणि डब्याशेजारी नवा ढीग सुरू होतो.

दुकानदारांना एकत्र बोलवा, सुटंसुटं गाठू नका. एकट्याला सांगितलं की तो समोरच्याकडे बोट दाखवतो. शटर बंद करताना कचरा आत ठेवायचा आणि सकाळी गाडीत द्यायचा, एवढंच कबूल करून घ्या. मासळीवाल्यांचे खोके मात्र रात्रभर आत राहू शकत नाहीत, वासाने शेजारी हैराण होतात. ते धुऊन पुरवठादाराच्या टेम्पोतच परत जायला हवेत.

डेब्रिजसाठी, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्यासाठी, पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, त्याचे पैसे भरावे लागतात. चाळ कमिटीने नियम करावा, ज्या खोलीत काम निघेल त्याने गोण्या कुठे जाणार हे आधी सांगायचं, मगच सामान वर चढवायचं.

आता अर्ज. एका अर्जात चार मागण्या लिहिल्या की तो पहिल्याच टेबलावर अडकतो, कारण खाती वेगळी आहेत. गाडीची वेळ आणि ढीग उचलणं हे घनकचरा व्यवस्थापनाकडे. उखडलेला पदपथ परिरक्षण खात्याकडे. साचलेलं पाणी आणि उंदीर कीटकनाशक खात्याकडे. दिव्याचा खांब लालबागला बेस्टच्या वीज विभागाकडे. प्रत्येकी एक पान, एक मागणी, वेळ आणि ठिकाण उमटलेले दोन फोटो. दोन प्रती काढा आणि विभाग कार्यालयाच्या आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पालिकेच्या १९१६ या तक्रारीच्या फोनवर केलेल्या तक्रारीचा क्रमांकही अर्जात लिहा. दिव्याचा अर्ज मागे टाकू नका. अंधाराच्या कोपऱ्यात रात्रीचा ढीग हमखास वाढतो.

आणि मुकादमांना, म्हणजे सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्यांना, पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठली गाडी कुठे किती वेळ थांबू शकते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

प्रभाग_समिती_वाचक
वरच्या उत्तरात एक भर. नगरसेवक स्वतः काही मंजूर करत नाही. त्याचं बळ तीन ठिकाणी आहे. सहाय्यक आयुक्तांना पत्र, प्रभाग समितीच्या बैठकीत विषय काढणं, आणि नगरसेवक निधीतून होणारी कामं. गाडीची वेळ बदलायला निधी लागत नाही, पत्र आणि पाठपुरावा लागतो. म्हणून ताईंकडे पहिली मागणी तीच ठेवा. घनकचरा खात्याचे अधिकारी, मुकादम आणि तुमच्या गल्लीतले चौघे यांची जागेवर उभं राहून पाहणी लावून द्या म्हणावं. कार्यालयात बसून वेळ ठरली तर समोर उभा असलेला दुधाचा टेम्पो कोणाच्या लक्षात येत नाही.

निधीतून पदपथ, लाद्या, बाकडी, हाऊस गल्लीतली (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातली) फरशी अशी कामं निघू शकतात, पण अंदाजपत्रक आणि निविदा यांतून जायला महिने लागतात. मार्चच्या तोंडावर मागितलेलं काम त्या वर्षात बसणं कठीण. जागा कोणाची हेही आधी पाहा. पालिकेची, म्हाडाची की घरमालकाची, त्यावर सगळं अवलंबून आहे. चाळीमागची जागा घरमालकाची असेल तर त्याची लेखी परवानगी तुम्हीच घ्यायची.

एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणून रहिवाशांच्या गटाची पालिकेकडे नोंदणी करा. ही कल्पना घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९०च्या दशकात पुढे आली. नोंदणी असली की विभाग कार्यालयाच्या बैठकीला तुम्हाला बोलावणं येतं, आणि नगरसेवक बदलला तरी तुमचं काम बदलत नाही. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

एक नाजूक गोष्ट ताईंशी सुरुवातीलाच बोलून घ्या. त्या कोपऱ्यावर कोणाचाही फ्लेक्स लागणार नाही, वाढदिवसाचा नाही, अभिनंदनाचाही नाही. एक फ्लेक्स लागला की दुसऱ्या पक्षाचा लागतो, मग पोरांना ते भांडणाचं ठिकाण वाटतं आणि ती येईनाशी होतात. चांगला लोकप्रतिनिधी हे ऐकून घेतो.

लालबागची_गल्ली
खूप उपयोगी. पाहणीसाठी ताईंना आजच फोन करतो. खताचं कोणी सांगेल का? बायकांना उत्साह फार आहे, पण वासाची भीती आहे.

ओला_कचरा_माटुंगा
जागा पुरेल, पण १२० खोल्यांना नाही. एका खोलीचा ओला कचरा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास धरा. एका चाळीच्या ४० खोल्या म्हणजे २० किलो. २०० लिटरचा निळा ड्रम साधारण ५ दिवसांत भरतो आणि खत व्हायला ६० दिवस लागतात, म्हणून १२ ड्रम. सहा-सहाच्या दोन रांगा आणि मध्ये तीन फूट वाट, हे १५ बाय ८ मध्ये बसतं. एका चाळीपासूनच सुरू करा.

ड्रमला चहूबाजूंनी सहा-सहा इंचांवर १० मिलीमीटरची भोकं, आणि तळाशी अर्धा इंची नळ. आत तीन विटा, त्यांवर जाळी, जाळीवर नारळाच्या शेंड्यांचा चार इंच थर. बाहेरून भोकांवर पाव इंची जाळी आवळून बांधा. उंदराची पिल्लं मोठ्या जाळीतून सहज जातात.

रोज एक बादली ओला कचरा पडला की अर्धी बादली सुका पालापाचोळा. पहिल्या थराला दोन-तीन किलो जुनं खत किंवा शेणखत. मूठभर मिश्रण दाबून पाहा. दोन-चार थेंब गळले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, काहीच गळलं नाही तर पाणी शिंपडा. दर तिसऱ्या दिवशी लोखंडी पंजाने खालवर करा.

वास दोन प्रकारचे येतात. नाकात झोंबणारा आला तर सुकं कमी पडलंय. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, लगेच उलथापालथ करा आणि तळाचा नळ तुंबलाय का बघा. पांढऱ्या अळ्या दिसल्या की बायका घाबरतात. त्या अळ्या कचराच खातात, अपाय करत नाहीत, पण ओल जास्त झाल्याची ती खूण आहे. पाला टाकून झाका.

लालबागला मासळी येणारच. काटे आणि कोळंबीची टरफलं थोडी चालतात, पण ड्रमच्या मधोमध खड्डा करून पुरा आणि वर चार इंच पाला द्या. नुसती वर टाकली तर मांजरं आणि घुशी रात्रीच येतात. रस्सा, पातळ आमटी गाळून मगच टाका. मे महिन्यात आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, ६० दिवसांत त्यांचं काहीच होत नाही.

खरी अडचण जूननंतर येते. पावसात सुका पाला मिळत नाही आणि बरेच प्रयोग जुलैमध्येच बंद पडतात. उन्हाळा संपायच्या आत २५ ते ३० गोण्या पाला भरून पत्र्याखाली ठेवा. पालिकेच्या उद्यान खात्याला विचारा, बागांमधला पाला त्यांनाही उचलायचाच असतो. कमी पडला तर लाकडाच्या वखारीतून भुसा आणा, पण प्लायवूड कापलेला नको, त्यात डिंक आणि रसायन असतं.

रोज दीड तास काम करणारा माणूस पगारी ठेवा. खोलीमागे ७५ रुपये धरले तर ४० खोल्यांचे ३,००० होतात. हे काम सफाई कामगाराच्या गळ्यात फुकट घालू नये. एका ड्रममधून १५ ते २० किलो खत निघतं, आधी ते घराघरांतल्या कुंड्यांना द्या. हातात काळं, मातीच्या वासाचं खत पडलं की वर्गीकरण न करणारी घरंही विचारायला येतात.

भिंत_आणि_कुंड्या
कोपरा रिकामा ठेवू नका. पण भिंत पावसाळ्यात रंगवू नका, ओल्या भिंतीवरचा रंग दोन महिन्यांत पापुद्रे होऊन पडतो. नोव्हेंबरनंतर तारेच्या ब्रशने खरवडा, एक हात प्रायमर, दोन हात बाहेरचा इमल्शन. २० बाय ७ फुटांना दोन लिटर प्रायमर आणि तीन लिटर रंग पुरतो. खालचा दीड फूट गेरूच्या रंगाचा ठेवा, चित्र तिथून वर सुरू करा. देवादिकांच्या टाइल्स लावू नका. शेजारीच घाण पडत राहिली की लोकांचं मन दुखावतं आणि विषय भलतीकडे जातो.

कुंड्या अर्ध्या कापलेल्या ड्रमच्या, तळाला भोकं, जड. चालायला सहा फूट वाट सोडून. कर्दळ, तगर, अडुळसा टिकतात. खाली थाळ्या ठेवू नका, साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात.

जी_दक्षिण_दवाखाना
मोहिमेच्या दिवसाबद्दल. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे सगळ्यांना, कापडी नकोत. ढिगात काचा असतात, कधी सुया असतात. हाताने दाबून पिशव्या भरू नका, फावडं वापरा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो, त्यामुळे पायाला जखम किंवा भेगा असलेल्यांनी वहीचं काम घ्यावं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना सफाईचं आवर्जून सांगा. हाऊस गल्लीत मुलांना पाठवू नका. आणि गटाराचं झाकण कोणी उघडायचं नाही, आत उतरायचं तर नाहीच. विषारी वायूने माणूस मिनिटात कोसळतो. कोणालाही असं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

लालबागची_गल्ली
ठरलं. शुक्रवारपासून वही. पाहणी झाल्यावरच मोहिमेचा रविवार. वहीत खोली नंबर लिहू का, म्हणजे नंतर त्यांच्याकडे जाता येईल?

परळ_हजेरी_चौकी
नाव नको, खोली नंबरही नको. वही कोणाच्या तरी हाती लागतेच आणि चाळीत वर्षभराचं भांडण होतं. वेळ, कचऱ्याचा प्रकार आणि कुठल्या बाजूने आला, एवढं पुरे. गाडीची वेळ ठरवायला तेवढंच लागतं. मोहिमेनंतर पहिले ३० दिवस त्याच दोन वेळांना दोघेजण उभे ठेवा, आणि पिशवी घेऊन येणाऱ्याला फक्त डबा कुठे आहे ते दाखवा.