मदत हवी आहे: अवघड उतारावर घोडीवरून उतरले, ते चुकलं का?

नमस्कार मंडळी. धागा कुठे टाकायचा कळलं नाही म्हणून भटकंतीत टाकतेय, हलवला तरी चालेल.

मी दादरची, वय ४६. दीड वर्षापूर्वी घोडेस्वारी शिकायला लागले, महालक्ष्मीला, सकाळी साडेसहाला, रिंगणात सपाट वाळूवर. दुडकी आणि कॅन्टर (दुडकीच्या पुढची संथ दौड) जमतं, एकदाच पडलेय (तेही घोडा उभा असताना, हसू नका). एवढ्या भांडवलावर गेल्या डिसेंबरात एका ग्रुपबरोबर जुन्नरच्या बाजूला दोन रात्रींच्या राइडला गेले. नऊ घोडे, सामान जीपने पुढे, आपण पायवाटेने, रात्री तंबू. मला काठेवाडी घोडी दिली होती, चांदणी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, स्वभावाने गरीब.

पहिल्या रात्रीच गडबड झाली. दोन झाडांमध्ये कमरेएवढ्या उंचीवर दोर ताणून सगळे घोडे त्याला बांधले होते. दोनच्या सुमाराला धडपड ऐकू आली, टॉर्च मारला तर चांदणीचा पुढचा पाय तिच्याच दोरावरून पलीकडे गेलेला आणि ती मान मागे खेचतेय, गाठ अशी आवळलेली की कोणालाच सुटेना, शेवटी मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणाऱ्या) काकांनी विळ्याने दोर कापला. खुराच्या वर मागच्या बाजूला कातडं सोललं होतं. सकाळी लंगडत नव्हती म्हणून सरांनी (म्हणजे ग्रुप लीडर) चला म्हटलं.

आता मुख्य मुद्दा. दुपारी पठारावरून खाली उतरायची वाट, एका बाजूला कारवी, दुसरीकडे दरी, खाली सगळा घसारा. मी शेवटून दुसरी. पुढचे घोडे वळणाआड दिसेनासे झाले आणि चांदणी खिंकाळायला लागली, जागच्या जागी नाचायला लागली, मला तिच्या बरगड्यांचं थरथरणं मांडीला कळत होतं. वरून मागच्याचा आवाज, खालून सरांचा, "लगाम खेचा, खेचा!" मी खेचला. तिने डोकं वर टाकलं, मागचे पाय घसरले आणि ती चक्क कुत्र्यासारखी बसली. दगड खालच्या वळणावर गेले, तिथून कोणीतरी ओरडलं. ती उठल्यावर मी डोंगराच्या बाजूने उतरले आणि पुढचा सगळा उतार तिला धरून चालत आले. एकदा तिने माझ्या बुटाच्या टाचेवर पाय दिला, बूट तिथेच राहिला, मोज्यावर चार पावलं गेले.

चहाला सगळ्यांसमोर सर म्हणाले की तुमच्यामुळे लाइन मोडली, घोड्यावर विश्वास नसेल तर ट्रेकच करा. आता जानेवारीत तीन रात्रींची राइड आहे आणि अट एकच, वाटेत उतरायचं नाही. नवरा म्हणतो पैसे देऊन ओरडा खायला कशाला जायचं. मला मात्र जायचंय, गंमत म्हणजे चांदणीसाठीच.

तर प्रश्न असे की उतरणं चूक होतं का, पुढचे दिसेनासे झाले की घोडी वेडी होते त्याला काय करायचं, आणि मुंबईत उताराची प्रॅक्टिस करायची कुठे? अजून एक, दोन्ही दिवस ती बादलीतलं पाणी हुंगून तोंड फिरवायची, ओढ्यावर मात्र भरपूर प्यायली. हे नॉर्मल का?

——
प्रतिसाद: मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद झाल्यापासून आमचा घोड्याशी संबंध वरातीपुरता. पण मोज्यावर घसारा उतरलात म्हणजे हे काम तुमचंच. फोटो टाका.

——
प्रतिसाद: ताई, उतरण्यात चूक काही नाही, वेळ चुकली. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची एका दिवसात १०० मैलांची राइड होते, तिथले पट्टीचे स्वार उताराला खाली उतरून घोड्याबरोबर धावतात आणि चढाला शेपूट धरून मागून चालतात. त्यांना कोणी ट्रेक करा म्हणत नाही. फक्त उतरायचं ते अवघड जागा सुरू व्हायच्या आधी, रुंद ठिकाणी. मध्येच अरुंद वाटेवर पाय टाकताना दरीकडे गेलात तर संपलं. तुम्ही डोंगराच्या बाजूने उतरलात हे नशीब नाही, अक्कल आहे.

लगाम खेचा हा सल्ला मात्र साफ चुकीचा. घोडा मान खाली लांब करून तोल सांभाळतो, आपण त्याचं डोकं वर बांधलं की त्याला पाय कुठे टाकायचा तेच दिसत नाही. उताराला सरळ बसा, टाचा खाली, लगाम सैल. आणि वळणाआड जाणं हा घोडीचा दोष नाहीच, कळपातलं जनावर आहे ते, मागे पडलं म्हणजे वाघाच्या तोंडी हेच त्याला माहीत. प्रत्येक वळणावर पुढच्यांनी थांबायचं, शेवटचा दिसला की निघायचं. लाइन तुम्ही नाही, पुढच्यांनी मोडली. तुमच्या रिंगणात एवढं करून बघा: बाकीच्या घोड्यांपासून दहा पावलं लांब न्यायचं, परत आणायचं, मग वीस. कंटाळवाणं आहे पण उपयोगी पडतं.

उताराच्या प्रॅक्टिसला माथेरानला जाल तर घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, त्यात तुम्ही सामानच. आधी बोलून त्याला मागून चालायला लावा.

——
प्रतिसाद: मी जनावरांचा डॉक्टर. पाण्याचं नॉर्मल आहे. वास-चव बदलली की बरेच घोडे पीत नाहीत, बादलीला साबणाचा वास असला तरी पुरतं. पण दुर्लक्ष करू नका. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, राइडला त्याहून जास्त, आणि पाणी कमी पडलं की पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही त्यामुळे पोटातलं प्रकरण लवकर हाताबाहेर जातं. पाय आपटणं, वळून स्वतःच्या कुशीकडे बघणं, लोळणं दिसलं की राइड बंद आणि डॉक्टर.

नाडी बघायला शिका. जबड्याच्या हाडाखाली आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी धमनी सरकते, १५ सेकंद मोजून चारने गुणा. आरामात २८ ते ४४. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत साधारण ६०-६४ च्या खाली आल्याशिवाय घोडा पुढे सोडत नाहीत. आणि दोराने सोललेल्या पायावर दुसऱ्या दिवशी स्वार बसवायला नको होता, लंगडो न लंगडो.

——
प्रतिसाद: कमरेएवढा दोर?? घोड्याच्या डोक्याच्या वर पाहिजे, आणि बांधणीचा दोर एवढाच की तोंड चाऱ्यापर्यंत पोचेल पण झोळ पडून पाय अडकणार नाही. सुरगाठ मारा, निरगाठ नाही, एका झटक्यात सुटली पाहिजे. आमच्या आजोबांकडे अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर) दोन्ही असायची, पण नवख्याने मागचे पाय बांधायच्या भानगडीत पडू नये.

——
धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, खास करून डॉक्टरांचे. आज महालक्ष्मीला नाडी मोजली, पहिल्यांदा ११२ आली, मग कळलं की अंगठ्याने दाबून माझीच मोजत होते. दुसऱ्यांदा ३६.

सरांना फोन केला. वळणावर थांबायचं त्यांनी मान्य केलं, उतरण्याचं नाही, "बघू" म्हणाले. मी सांगितलं की उताराच्या आधी रुंद जागा आली की मी विचारणार नाही, उतरणार, चालत असेल तर नाव लिहा. अजून लिहिलेलं नाही.

तोवर दोर मात्र घेऊन ठेवते, शनिवारी नागदेवी स्ट्रीटला जातेय. नऊ घोडे धरले तर जाडी किती घ्यायची? आणि सुती की नायलॉन?