४३२ कोटीला १४ नं भाग का जात नाही?

वडगावचा मागवाला:
परवा आमच्या गल्लीत सत्यनारायण होता. संकल्पात भटजी 'श्वेतवाराहकल्पे' म्हणाले. शिरा घेताना मी विचारलं, कल्प म्हणजे केवढा हो? तर म्हणाले ४,३२,००,००,००० वर्षं, त्यात १४ मन्वंतरं, म्हणजे एकेका मनूचा काळ. मी पॉवरलूमवर साड्या विणतो, भागाकाराशिवाय आमचं पान हलत नाही. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, माग बंद, म्हणून मोबाइलवर १४ नं भागून बघितलं. ३०,८५,७१,४२८ आणि पुढं शेपूट संपेना! मग चौदा वाटण्या केल्या कशा? ही संख्या मुळात कुठल्या जातीची? शाळा नववीत सुटली, बेतानं सांगा.

खानापूरची बाई:
दादा, आधी संख्या फोडा. २ अकरा वेळा, ३ तीन वेळा, ५ सात वेळा, संपलं. ७ कुठंच नाही, म्हणून १४ अडतो. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की १२ × ४ × ८ = ३८४ विभाजक. तिन्ही घातांक विषम, म्हणून पूर्ण वर्ग नाही. पण ३० नं गुणा, ३,६०,००० चा वर्ग मिळेल. अंकांची बेरीज ९, आणि ९ नं भाग जातो, म्हणजे हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं. शिवाय निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळवला की तिथंच अख्खी संख्या भरते, बाकीचे विभाजक वरकड. अशी भरघोस संख्या आहे ही.

निपाणीकर पंचांगवाले:
वाटणी वर्षांची नाही हो, महायुगांची. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं, कल्पात अशी १,०००. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात प्रत्येक मनूला ७१ दिली. १४ × ७१ = ९९४. उरली सहा. ती १५ संधींत, म्हणजे मन्वंतरांच्या सांध्यांवरच्या काळात घातली, प्रत्येक संधी कृतयुगाएवढी, १७,२८,००० वर्षांची. हिशेब चोख बसतो, करून बघा. आर्यभटानं ही भानगडच ठेवली नाही. मनूला ७२, म्हणजे कल्प १,००८ महायुगांचा, ४,३५,४५,६०,००० वर्षं. स्मृतींना सोडून आहे म्हणून पुढं ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं त्याला चांगलंच झोडपलं.

खानापूरची बाई:
आर्यभटाच्या संख्येत ७ आला की! विभाजक मोजले, ७८०. दुपटीच्या वर. बेरीज २७, तीही हर्षदच. माझं मत आर्यभटाला.

वडगावचा मागवाला:
बाई, पंचांगवाले काका, उपकार झाले. चौदा मनूंना पंधरा संधी का, हे विचारणार होतो, तोवर लाईट आली आणि समोर मागावरच दिसलं. पन्ह्यात चौदा बुट्टे बसवायचे तर मधे तेरा मोकळ्या जागा, आणि दोन्ही काठांकडे एकेक. झाल्या पंधरा. बुट्ट्यांत न बसलेले धागे आम्हीपण तिथंच मुरवतो. आर्यभटाच्या साडीत मात्र बुट्ट्याला बुट्टा चिकटलेला, काठालगत बोटभर जागा नाही. हिशेबाला झकास, पण आमचा व्यापारी ती घेईल असं वाटत नाही.