मदत हवी आहे: नॉर्वेजियन फिजिक्समध्ये 'वार्मेग्राद' म्हणजे नक्की काय?

उत्तररात्र: लवकर सांगा प्लीज, उद्या सकाळी द्यायचंय. डिक्शनरी 'टेम्परेचर' म्हणते पण उत्तर १३ येतंय आणि ते चूक आहे. शब्द आला कुठून तेही सांगा.

कोकणकडा: कसलं १३? पूर्ण गणित टाका ना, असं कसं कळणार.

मीनल_ओस्लो: वार्मे म्हणजे उष्णता, ग्राद म्हणजे अंश. ग्राद मूळचा लॅटिन 'ग्रादुस', म्हणजे पायरी. पण रोजच्या बोलण्यात 'फेम वार्मेग्रादर' म्हणजे शून्याच्या वर पाच.

जुनापाट्या: नाही, जुना अर्थ तापमान हाच आहे. आपल्याकडे 'उष्णतामान' म्हणायचे तसंच. उष्णता आणि तापमान वेगळं हे १७६० च्या सुमाराला जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत दाखवलं, बोलीतले शब्द मात्र तसेच राहिले.

मीनल_ओस्लो: जुना असेल हो, पण आता पुस्तकात त्यासाठी 'टेम्पेराटूर' लिहितात. मुलांना उगाच गोंधळात टाकू नका.

केल्विनवाला: सगळं केल्विनमध्ये करा, २७३ मिळवा, अधिक-उणेची भानगडच नाही. मी मुलीला आठवीपासून हेच शिकवलं.

सह्याद्री७: नॉर्वेत असाल तर लोकरीचे आतले कपडे आधी घ्या, कॉटन घामाने ओलं राहतं आणि मग जास्त गारठायला होतं.

कोकणकडा: अहो गणित!!

उत्तररात्र: सॉरी, मुलाचा गृहपाठ आहे, आम्ही ट्रोन्हाइमला नवीन आलोय. बाहेर ८ 'कुल्देग्रादर', घरात २१ 'वार्मेग्रादर', फरक किती. त्याने २१ मधून ८ वजा केले.

मीनल_ओस्लो: तिथेच चुकलं बघा. कुल्दे म्हणजे थंडी. ८ कुल्देग्रादर म्हणजे उणे ८. उणे चिन्ह आकड्यात दिसत नाही, ते शब्दातच आहे. फरक २९.

केल्विनवाला: २६५ आणि २९४, फरक २९च. म्हणूनच म्हणतो.

जुनापाट्या: हे गणित चिन्ह ओळखण्याचं आहे, केल्विनने ते सुटत नाही. उणे ८ आहे हे कळलं तरच २६५ येणार ना.

उत्तररात्र: जुळलं, २९! खिडकीबाहेर थर्मामीटर आहे, शेजारच्या आजी त्याला 'ग्रादेस्टॉक' म्हणतात, त्यावर शून्याच्या खालचे आकडेही ५, १०, १५ असेच, उण्याची खूण नाहीच. लेकाला आत्ता तिथे उभं करून दाखवलं, शून्यापासून खाली ८ रेघा आणि वर २१ रेघा बोट ठेवून मोजल्या त्याने. मीनलताई, खूप आभार. 'स्टॉक' म्हणजे काठी ना?

मीनल_ओस्लो: हो, अंशांची काठी.